रुग्णालयाची भागीदार संस्था बदलतेय, अनेक डॉक्टर जाणार आहेत. प्रमुख म्हणून सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की वैद्यकीय महाविद्यालयाबरोबरचा करार संपत आलाय. त्यांचे कन्सल्टंट (तज्ज्ञ डॉक्टर) आणि रेसिडेंट (प्रशिक्षण घेणारे डॉक्टर) परत जातील, नव्या संस्थेची टीम येईल, लॅबही बदलेल, आणि तुमच्या स्वतःच्या नर्सेसमध्ये राजीनाम्यांची कुजबुज सुरू झाली आहे. आधी कशाला हात घालायचा, असा तुमचा प्रश्न आहे.

रात्रपाळीला. रुग्णालय प्रशासनात बरीच वर्षं काढल्यावर आणि असे बदल जवळून पाहिल्यावर हे मी पूर्ण खात्रीने सांगतो. कराराच्या बैठकांमध्ये वाटा, जागा, पाटीवरचं नाव यावर तासन्तास चर्चा होते. ती व्हावीच, पण त्यासाठी वकील आणि हिशेबनीस आहेत. तुम्ही कोरा कागद घ्या आणि जुनी टीम गेल्यानंतरची पहिली रात्र तासातासाने लिहून काढा. लेबर रूममध्ये अचानक रक्तस्राव सुरू झाला, तर भूलतज्ज्ञ कोण? तो आवारात असेल की घरून येईल? सीटी स्कॅन कोण वाचेल? रक्त आणायला कोण धावेल? प्रत्येक प्रश्नापुढे माणसाचं नाव आणि फोन नंबर हवा. नुसतं विभागाचं नाव लिहून भागत नाही.

हा कागद केबिनमध्ये एकट्याने लिहू नका. रात्रीच्या इन्चार्ज सिस्टर, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचे टेक्निशियन आणि वॉर्डबॉय यांना घेऊन बसा. जुनी माणसं करत असतात त्यातली कितीतरी कामं कुठल्याच करारात लिहिलेली नसतात. एखादा रेसिडेंट रोज रात्री स्वतः लॅबमध्ये जाऊन आयसीयूचे रिपोर्ट घेऊन येतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो गेला की ते काम कुणाचंच राहत नाही, आणि सकाळच्या राउंडपर्यंत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन टीम एकाच वॉर्डात आल्या की खरा धोका कुठे असतो, याचं एक उदाहरण देतो. रक्तदाब टिकवायला नॉरॲड्रेनलिन पंपावर चालू असतं. एक टीम 50 मिलीच्या सिरिंजमध्ये 4 मिलिग्रॅम भरते, दुसरी 8 भरते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण नव्या सिस्टरने सवयीप्रमाणे सिरिंज भरली आणि जुन्या डॉक्टरने सवयीप्रमाणे ‘ताशी 5 मिली ठेवा’ असं सांगितलं, तर पेशंटला ताशी 0.4 ऐवजी 0.8 मिलिग्रॅम जातं, म्हणजे थेट दुप्पट. दोघांपैकी एकानेही निष्काळजीपणा केलेला नसतो. म्हणून नवी टीम रुजू होण्याआधी दोन्हीकडच्या आयसीयू प्रमुखांना एकत्र बसवा, पंपावर चालणाऱ्या प्रत्येक औषधाचं एकच प्रमाण ठरवा आणि ते छापून प्रत्येक पंपाशेजारी लावा. या बैठकीला तुम्ही स्वतः हजर राहा. प्रमुख बसला नाही, तर ‘आमच्याकडे असंच करतात’ यावर गाडी अडते.

लॅबचंही तसंच. जुनी लॅब क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) मिलिग्रॅममध्ये देत असेल आणि नवी मायक्रोमोलमध्ये, तर कालचं 1.2 आज 106 दिसेल. ट्रोपोनिन या हृदयाच्या तपासणीच्या एककात तर हजारपटीचा फरक पडू शकतो. रिपोर्टवर एकक छापलेलं असतं, पण घाईत नजर आकड्यावर जाते. बदलाच्या दिवसाआधी सगळ्या वॉर्डांना नमुना रिपोर्ट दाखवा. जिवाला धोका दाखवणारा आकडा आला, तर लॅबमधून कुणी कुणाला फोन करायचा आणि फोन घेणाऱ्याने तो आकडा परत वाचून दाखवायचा, हे लेखी ठरवून घ्या.

आता नर्सेस. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर ओळ तीच आहे. डॉक्टर बदलले तरी वॉर्ड चालतो, कारण सिस्टर त्याच असतात. दोन्ही एकदम बदलले की वॉर्डाची स्मृतीच जाते. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2002 सालचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, एका नर्सकडे एक पेशंट जास्त असेल तिथे 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी जास्त दिसली. त्यामुळे माणसं कमी पडली तर आहेत त्यांनाच डबल ड्युटी लावून खाटा भरलेल्या ठेवू नका. काही खाटा तात्पुरत्या बंद करा. तो निर्णय घ्यायचा अधिकार मेट्रनला, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखाला, लेखी द्या, आणि उत्पन्न घटलं म्हणून संचालक मंडळ विचारायला लागलं की उत्तर तुम्ही द्या. मेट्रनला पुढे करू नका.

कुजबुज थांबवायचा मला माहीत असलेला उपाय एकच: ज्याच्या नोकरीवर परिणाम होणार आहे, त्याला ते आधी आणि समोरासमोर कळलं पाहिजे. नोटीस बोर्डावरून नाही, गटाच्या मेसेजवरून तर नाहीच. पगार कोण देणार, सेवाज्येष्ठता धरली जाईल का, साठलेल्या रजेचं काय, हे तीन प्रश्न सगळ्यांच्या मनात असतात. उत्तर ठरलं नसेल तर ‘अजून ठरलेलं नाही, अमुक तारखेला सांगतो’ असं सांगा आणि त्या तारखेला खरंच सांगा, काही नवीन नसलं तरी. रात्रपाळीची माणसं दिवसाच्या सभेला येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी तुम्हीच रात्री जा. 2019 मध्ये फिलाडेल्फियातलं हानेमान रुग्णालय बंद पडलं, तेव्हा 500 हून जास्त रेसिडेंट डॉक्टरांना शिक्षण पुरं करायला दुसरीकडे जागा शोधाव्या लागल्या होत्या. तुमच्याकडे रुग्णालय चालू राहणार आहे, तरी जाणाऱ्या रेसिडेंटच्या मनात भीती तीच असते. त्यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी आणि सह्या महाविद्यालयाशी बोलून आधीच पूर्ण करून द्या.

नव्या डॉक्टरांची कागदपत्रं तपासून कुणाला कुठली प्रोसिजर करायची परवानगी आहे, हे पहिल्या दिवसाआधी ठरलेलं हवं. यावर जास्त लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असेलच. हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या डॉक्टरकडे सोपवण्याला, मात्र वेळ द्या. 2014 साली नऊ बालरोग विभागांत आय-पास ही ठरावीक हँडओव्हर पद्धत वापरून पाहिली, तेव्हा वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि हँडओव्हरचा वेळ फारसा वाढला नाही. ओटीमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची चेकलिस्ट असेल, तर छेद घेण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचा भाग आता अजिबात गाळू नका. अनोळखी माणसं एका टेबलाभोवती उभी असताना सहायकाने ‘सर, थांबा’ म्हणणं सोपं नसतं. नाव माहीत असलं की ते थोडं सोपं होतं.

जाणाऱ्या कन्सल्टंटना सन्मानाने निरोप द्या, आणि निघण्याआधी प्रत्येकाकडून एक यादी घ्या: ज्यांचे बायोप्सी, कल्चर (जंतूंची तपासणी) किंवा स्कॅनचे रिपोर्ट अजून यायचे आहेत असे सगळे पेशंट. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या नावाने आलेला कॅन्सरचा रिपोर्ट फायलीत पडून राहिला, तर पेशंट वाटच बघत राहतो. यादीतल्या प्रत्येक नावापुढे नव्या टीममधल्या एका डॉक्टरचं नाव लिहा, त्यांची सही घ्या, आणि यादीतलं शेवटचं नाव खोडलं जाईपर्यंत दर आठवड्याला ती स्वतः मागवून बघा.