डॉक्टरकी सोडून राजकारण? मुथुलक्ष्मी रेड्डींचा क्रम वेगळा होता

प्रश्न : माझी मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. देवदासी प्रथेविरुद्ध लढलेल्या मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींबद्दल वाचल्यापासून तिचं एकच चाललंय, ‘दवाखान्यात बसायचं नाही, राजकारणात जाऊन कायदे बदलायचेत.’ शिक्षण अर्धवट सोडायला निघाली आहे. काय करू? – एक आई, नांदेड जिल्हा

उत्तर : ताई, तिला राजकारणापासून अडवू नका, अर्धवट शिक्षण सोडण्यापासून मात्र जरूर अडवा. ज्यांचं नाव ती घेते, त्यांनी डॉक्टरकी कधीच टाकली नव्हती. पुदुक्कोट्टईत 1886 साली जन्म, 1912 मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून पदवी, मग प्रॅक्टिस, 1925 मध्ये इंग्लंडला जाऊन स्त्रिया आणि मुलांच्या आजारांचा अभ्यास. मद्रासच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली ती पदवीनंतर चौदा-पंधरा वर्षांनी.

तिथे त्यांनी काय केलं, हे मुलीने बारकाईने वाचावं. मंदिरात मुली देवदासी म्हणून वाहण्याची प्रथा त्यांना थांबवायची होती. 1927 मध्ये त्यांनी ठराव मांडला. पण ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस, तो काही कायदा नव्हे. शिवाय खरी गाठ जमिनीत होती. देवदासींना मंदिराच्या सेवेच्या बदल्यात इनाम जमीन मिळे, सेवा सोडली की जमीन जाई. म्हणजे नुसती बंदी घातली असती, तर त्या बायकांच्या पोटावरच पाय आला असता. म्हणून 1929 मध्ये त्यांनी धर्मादाय संस्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून घेतली : सेवा सुटली तरी जमीन तिचीच राहील. मुली वाहण्यावरच बंदी घालणारं विधेयक त्यानंतर आलं. 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर त्यांनी राजीनामा दिला आणि तो कायदा व्हायला 1947 उजाडलं. राजीनाम्यानंतरही त्या थांबल्या नाहीत. मुलींसाठी अव्वै होम हे आश्रयगृह उभं केलं आणि 1954 मध्ये मद्रासमधल्या अड्यारचं कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू झालं तेही त्यांच्याच पुढाकाराने. एक कलम बदलायचं तर त्यामागचा सातबारा वाचता यायला हवा, हे या सगळ्यातून तिला दिसेल.

आता तुमच्या मुलीबद्दल. तिसऱ्या वर्षाला कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विषय असतो. बहुतेक मुलं तो विषय पाठ करून मोकळी होतात, तिने तसं करू नये. कॉलेजने दत्तक दिलेल्या गावातल्या कुटुंबांच्या भेटी ती आताही करत असेल. त्या वहीत हिमोग्लोबिन लिहिते, तिथेच पाणी कुठून येतं, प्रसूतीला कुठे नेलं, गाडीला किती खर्च आला, हेही लिहावं. गावच्या ग्रामसभेला जाऊन बसावं. एकच प्रश्न निवडून त्याचे शासन निर्णय आणि अंदाजपत्रकातली तरतूद शोधावी. पाच प्रश्न एकदम घेणारे कुठेच पोहोचत नाहीत.

इंटर्नशिप धरून अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. पुढे सरकारी कॉलेजच्या बंधपत्राची एक वर्षाची सेवा येते. ती टाळली तर दंड भरावा लागतो, तेव्हा बंधपत्राची प्रत काढून अटी आत्ताच वाचा. सरकारी वैद्यकीय अधिकारी असताना पक्षाचं सदस्यत्व किंवा प्रचार चालत नाही. सरकारी नोकरीत असताना निवडणूक लढवायची झाली, तर राजीनामा मंजूर झाल्याचा आदेश अर्ज भरण्याआधी हातात हवा. नुसत्या पोचपावतीवर अवलंबून राहिलं, तर छाननीत अर्ज बाद होऊ शकतो.

वयाची अट ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि नगरपालिकेला 21, विधानसभेला 25, विधान परिषदेला 30. ग्रामपंचायतीसाठी त्याच गावच्या मतदारयादीत नाव लागतं. कॉलेजच्या शहरात नाव हलवलं असेल, तर गावातून उभं राहता येणार नाही. यादी आजच तपासा.

सध्या तिने कोणत्याही पक्षाच्या युवा आघाडीचं पद घेऊ नये. परीक्षेच्या तोंडावर मेळाव्यांना बोलावणी येतात आणि हजेरी कमी पडली की परीक्षेलाच बसू देत नाहीत. आधी हे वर्ष पास होऊ दे.