उत्तर: ब्रदर मुलगा टांझानियात, परमिट अजून नाही

ताई, तुम्ही वेंगुर्ल्याहून लिहिलंय की मुलगा ब्रदर (ख्रिस्ती धर्मसंघातला व्रतस्थ) म्हणून टांझानियाला जाऊन काही महिने झाले, फोन फक्त रविवारी येतो, आवाज दमलेला असतो, दिवसभर काय करतो ते सांगत नाही आणि तिथे राहायच्या परमिटचं विचारलं की नुसतं "होईल" म्हणतो. इथे बाकीच्यांनी तुम्हाला धीर दिलाय. मी मात्र त्या "होईल"पाशीच थांबलो. तेविशीत मीही वसईहून असाच गेलो होतो, व्हिक्टोरिया सरोवराकाठी, मुसोमाच्या बाजूला, आणि घरच्यांना हेच सांगायचो.

आधीच सांगून ठेवतो: मी आता धर्मसंघात नाही, लग्न झालंय, केळीची बाग बघतो. कायद्यातला जाणकार नाही. नियम बदलत असतात, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या मुलाच्या संघाच्या प्रोव्हिन्शियल (प्रांतिक) ऑफिसचा.

दमलेल्या आवाजाची काळजी सोडा. रविवारी संध्याकाळी तिथला कुठलाही ब्रदर दमलेलाच असतो. एका धर्मग्रामाखाली (मुख्य चर्चच्या हद्दीत) कितीतरी उपकेंद्रं असतात, त्यांना ते किगांगो म्हणतात. फादर एकच. त्यामुळे सकाळी एका ठिकाणी, मग धुरळ्यातून मोटरसायकलवर दुसरीकडे. जिथे फादर पोचत नाहीत तिथे गावातला कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारा गावकरी) प्रार्थना घेतो आणि आपला ब्रदर त्याच्या शेजारी उभा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, दोन-अडीच तास सहज चालते, गायकवृंद गणवेशात, नाचत. अर्पणाला लोक मका, अंडी, जिवंत कोंबडी आणतात आणि मिस्सा संपली की त्याचा बाहेर लिलाव होतो. माझ्या पहिल्या लिलावात एका आजीने स्वतःच आणलेली कोंबडी बोली लावून परत विकत घेतली आणि माझ्या हातात दिली. पाय बांधलेली ती कोंबडी मोटरसायकलवर मांडीवर घेऊन आलो. इतकं झाल्यावर फोनवर काय बोलणार?

आणखी एक. तिथे घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात. "एक वाजता मिस्सा" म्हणजे सकाळचे सात. पोरं हळूहळू तशीच बोलायला लागतात आणि आया इकडे गोंधळतात. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. तुम्ही रात्री साडेआठला फोन लावलात तर तिथे संध्याकाळचे सहा, तेव्हा तो मोकळा असेल.

सोमवार सुट्टीचा. कपडे धुणं, झोप, बाजार. मंगळवार ते शुक्रवार शाळा. तिथे प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत असतं, म्हणून आपल्याकडच्या पदवीधर ब्रदरला बहुधा माध्यमिकला गणित किंवा विज्ञान देतात. दुपारी कॅटेकिस्टबरोबर आजाऱ्यांच्या घरी. शनिवारी सकाळी जुमुइया, म्हणजे दहा-पंधरा घरांची प्रार्थना, दर आठवड्याला वेगळ्या घरी. पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी १९७६ मध्ये ही छोटी मंडळंच चर्चचा पाया मानायचं ठरवलं, आणि माझ्या मते नवख्या माणसाला तिथला देश तिथेच कळतो. बाकावर नव्हे, कुणाच्यातरी अंगणात चटईवर, शेळी पुस्तक खात असताना.

भाषा मात्र छळते. मुसोमाला मकोको इथे मिशनऱ्यांसाठी जुनी स्वाहिली शाळा आहे. तिथून बाहेर पडताना वाटतं की जमलं, आणि पहिल्याच वर्गात पोरं हसतात. आपल्याकडे मिशनरी म्हटलं की नातेवाईक लगेच वसईच्या संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट आईला सांगतात, जपानमधल्या नागासाकीत ५ फेब्रुवारी १५९७ ला त्याला क्रूसावर मारलं ती. आमच्या घरीही सांगितली, आईची झोप उडाली. अहो, तो माणूस जपानी उत्तम बोलायचा आणि फ्रान्सिस्कन लोकांचा दुभाषा होता, हे कुणी सांगत नाही. मुलाला फोनवर "आज नवीन काय शिकलास" एवढं विचारा, तो आपणहून बोलेल.

जेवणाचं: उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा), घेवडा, माठासारखी पालेभाजी, सरोवराचे मासे. काठावर दागा नावाची बारीक मासळी वाळत घातलेली असते, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळतात तसाच वास. तेव्हा सुकट पाठवू नका. आमसुलं पाठवा.

आता परमिट. तिथे मिशनऱ्यांना बहुतेक क वर्गाचा रहिवास परवाना लागतो. माझ्या फाइलला पदवी आणि गुणपत्रिकांवर इकडचे शिक्के मागितले होते. मी तिकडे, कागद इकडे, म्हणून ते काम बाबांच्या गळ्यात पडलं.

मुंबईतलं एक कार्यालय. नाव लिहीत नाही. बाबा पहाटेची लोकल पकडून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळं नीट लावून गेले. खिडकीतल्या माणसाने पेनाने दाखवलं: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव शेवटी. "हा आणि हा एकच माणूस कशावरून?" बाबा म्हणाले, "मी बाप आहे त्याचा." त्यावर तो म्हणाला, ते पुरत नाही, विद्यापीठातून दुरुस्त करून आणा. विद्यापीठात सांगितलं, दहावीच्या बोर्डावर जसं आहे तसंच आम्ही छापतो, तिकडे जा. बोर्डात सांगितलं, महाराष्ट्रात सगळ्यांचंच असं असतं, दुरुस्त काय करायचं? परत त्याच खिडकीवर. तिथे आता दुसरा माणूस, त्याला दुसरंच काही हवं. एकदाही कुणी कागदावर लिहून दिलं नाही की नेमकी हरकत काय आहे. तोंडी सगळं. साठी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखतायत, बाग सोडून फिरतोय, आणि आत पंख्याखाली बसलेल्याला एक ओळ खरडायचे कष्ट नाहीत! आजही तो जिना आठवला की डोकं फिरतं.

तोवर माझा पासपोर्ट अर्जाबरोबर तिकडच्या परवाना कार्यालयात अडकून पडला होता. त्याच दिवसांत आजी गेली. पासपोर्ट हातात असता तरी दफनाला पोचलो नसतो कदाचित, पण महिन्याच्या मिस्सेला नक्की आलो असतो. शेवटी त्याच मुंबईतल्या खिडकीवर एका बाईंनी तेच कागद पाहिले आणि काही न विचारता शिक्के मारले.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: "संघ बघेल" म्हणून बसू नका. संघाकडे पन्नास कामं असतात. मुलाकडून आजच तुमच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावे सहीचं अधिकारपत्र मागवा, सोबत पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत. नावाचा क्रम किंवा स्पेलिंग कुठेही वेगळं असेल (आपल्यात फर्नांडिसचंच दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आणखी चौथं) तर "एकच व्यक्ती असल्याचं" प्रतिज्ञापत्र आधीच करून फोल्डरमध्ये ठेवा. कुणी मागितलं नाही तर नुकसान नाही. आणि हरकत घेतली तर शांतपणे म्हणा, "साहेब, लेखी द्या." बहुतेक वेळा लेखी देण्यापेक्षा शिक्का मारणं त्यांना सोपं वाटतं.

पोलिसांचं पीसीसी (गुन्हा नोंद नसल्याचा दाखला) काढलेलं असेल तर त्याची तारीख बघा. जुनं झालं की नवं मागतात. नवं लागलंच तर मुलगा दार-ए-सलाममधल्या भारतीय उच्चायुक्तालयातून अर्ज करू शकतो, त्यासाठी त्याला इकडे यायला नको.

विषयाबाहेरचं एक: पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड त्याने जपून ठेवलंय का विचारा. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, पण हरवलं तर येताना नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे तिकीट असलं की विमानतळावर अडचण होऊ शकते. आणि सुट्टीवर घरी आल्यावर ताप आला, अगदी काही महिन्यांनी आला तरी, डॉक्टरांना आधी आफ्रिकेचं सांगायचं, म्हणजे ते मलेरियाची तपासणी लगेच करतील.

प्रतिज्ञापत्राचा माझा जुना मसुदा घरी आहे. तुमच्या कुठल्या कागदावर नाव कसं आहे, एवढं (खरं नाव न देता) इथे लिहा, त्याप्रमाणे बदलून टाकतो.