‘दोन-चार आकडे इकडे-तिकडे केले तर काय बिघडतं?’

प्रश्न : माझी मुलगी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फार्माकोलॉजी. निर्गुडीच्या पानांचा अर्क वेदना कमी करतो का, यावर तिचा प्रबंध आहे. अँटिऑक्सिडंटची चाचणी उत्तम आली, उंदरांवरची एक चाचणीही चांगली आली. हॉट प्लेटच्या, म्हणजे तापलेल्या पत्र्यावरच्या चाचणीत मात्र काहीच फरक नाही. माझ्या आईचे गुडघे निर्गुडीच्या शेकाने दुखायचे थांबतात, मग असं कसं? दोन-चार आकडे इकडे-तिकडे केले तर काय बिघडतं, एवढंच मी म्हणालो, तर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. प्रोजेक्ट फसलाच आहे, तर संशोधन सोडून तिने औषध निरीक्षकाची परीक्षा द्यावी असं मला वाटतं. – एक वडील

उत्तर : तुमच्या पत्रातला करिअरचा प्रश्न मी आधी बाजूला ठेवला. ‘एवढंच मी म्हणालो’ या शब्दांपाशी मी थांबले. ते एवढंसं नव्हतं. प्राण्यांवर प्रयोग करायला संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, किती उंदीर वापरणार हे आधी सांगावं लागतं. त्या उंदरांना तुमच्या मुलीने स्वतःच्या हाताने वेदना दिली आहे, ती खरं उत्तर मिळावं म्हणून. आकडा बदलला तर ती वेदना वाया गेली. शिवाय तो आकडा वाचून पुढचा कोणीतरी आणखी उंदीर वापरेल. ती बोलत नाही कारण तिला हे कळतं, आणि ते कळणारी मुलगी तुम्ही वाढवली आहे. तिची क्षमा मागा. आज मागा.

दुसरं, प्रोजेक्ट फसलेला नाही. चांगली आलेली चाचणी बहुधा राइदिंगची असावी : पोटात सौम्य ॲसेटिक आम्ल टोचतात आणि उंदीर किती वेळा अंग पिळवटतो ते मोजतात. हॉट प्लेटवर साधारण 55 अंशांच्या पत्र्यावर उंदीर किती सेकंदांनी पाय चाटतो किंवा उडी मारतो ते बघतात. मॉर्फिनसारखी, मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करणारी औषधं इथे ठळक दिसतात. ॲस्पिरिनच्या जातीची, मुख्यतः दुखऱ्या जागी काम करणारी औषधं पहिल्या चाचणीत दिसतात, इथे बहुतेक वेळा दिसत नाहीत. म्हणजे पहिल्या चाचणीत ‘हो’ आणि दुसरीत ‘नाही’, हे मिळून एक उत्तर आहे : परिणाम असेल तर तो दुखऱ्या जागी असावा. मात्र गुंगी आणणारा किंवा स्नायू सैल करणारा अर्कही पिळवटणं कमी करतो. म्हणून फिरत्या दांड्यावर उंदराचा तोल टिकतो का, ती रोटारॉडची चाचणी केली आहे का, हे तिला विचारा.

तुमच्या आईंचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण त्या पानं गरम करून बाहेरून शेकतात, शेकाच्या उबेनेही दुखणं कमी होतं. मुलीने उंदराला दिला तो अर्क. प्रश्नच वेगळा आहे.

आणि अँटिऑक्सिडंट उत्तम आलं म्हणजे औषध सापडलं, हा समज कृपा करून सोडा. त्या चाचणीत बहुधा डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण असतं, अर्क घातला की ते फिकट होत पिवळं पडतं, आणि 517 नॅनोमीटरवर यंत्र तो रंग मोजतं. डीपीपीएच शरीरात कुठेही नसतं. खाल्लेल्या अर्कातलं किती रक्तात उतरतं, यकृत त्याचं काय करतं, हे परीक्षानळी सांगू शकत नाही. असंख्य पानांचे अर्क ही चाचणी पास होतात. वेदनेशी त्याचा संबंध असेलही, पण तो वेगळा सिद्ध करावा लागतो.

औषध निरीक्षकाची जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरतात. चांगली नोकरी आहे, तिला हवी असेल तर तिने जरूर बसावं. पण त्या खुर्चीवरच्या माणसाला दुसऱ्यांच्या नोंदी खऱ्या की खोट्या हे बघावं लागतं. त्या नोकरीची तयारी स्वतःचे आकडे बदलून होत नाही. मला विचाराल तर ‘नाही’ हा निकाल जसाच्या तसा लिहिणाऱ्या मुलीची गरज विषारीपणा तपासणाऱ्या प्रयोगशाळांना आणि औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागांना जास्त आहे. पीएच.डी.चा मार्गही तिला मोकळा आहे.

यातलं तिला काय हवं, हे तुमच्या पत्रात एका ओळीतही नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.