डॉक्टर, खासदार आणि न्यायाधीश, तेही एकाच जन्मात?

प्रश्न: एकोणिसाव्या शतकातल्या काही स्विस पुढाऱ्यांच्या चरित्रात ‘आधी डॉक्टर, मग राजकारण, मग न्यायाधीश’ असा क्रम वाचला. कायदा न शिकलेला माणूस न्यायासनावर बसायचा कसा? आणि त्याच्या रुग्णांचं काय व्हायचं?

उत्तर: पदवीची अट नव्हतीच, म्हणून बसायचा. १२ सप्टेंबर १८४८ च्या राज्यघटनेनं स्वित्झर्लंडला संघीय न्यायालय दिलं. ११ न्यायाधीश, मुदत ३ वर्षं, निवड संसदेची. पात्रता एवढीच, की माणूस राष्ट्रीय सभागृहावर, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर, निवडून येण्यास पात्र हवा. न्यायालयाला कायमचं ठिकाण नव्हतं, न्यायाधीशांना पगार नव्हता. बसतील तेवढ्या दिवसांचा भत्ता मिळे. तेव्हा रुग्णांची काळजी नको, दवाखाना चालू राहायचा. मला खटकते ती गोष्ट वेगळीच. खासदारकी न सोडताही न्यायाधीश होता यायचं! मनाई होती ती फक्त सरकारातल्या मंत्र्यांना आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांना.

आता डॉक्टरच का? खेड्यापाड्यांतून शिकलेली माणसं म्हणजे बहुधा पाद्री आणि डॉक्टर. कॅथलिक कँटनांत (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडचं घटक राज्य) पाद्री परंपरावाद्यांच्या बाजूला असत, मग उदारमतवाद्यांना घरोघरी ओळख असलेला माणूस हवा असला की डॉक्टरच उरे.

पण त्या काळचं न्यायकारण समजून घ्यायचं तर न्यायासनावरच्या डॉक्टरपेक्षा आरोपीच्या पिंजऱ्यातला डॉक्टर बघा, असं मी सुचवीन. याकोब रॉबर्ट श्टायगर, जन्म १८०१, ल्युसर्न कँटनमधलं गॉयन्झे गाव. वैद्यक शिकून आला, दवाखाना थाटला आणि १८३० नंतरच्या उदारमतवादी लाटेत कँटनच्या सरकारातही गेला. १८४१ मध्ये वारं फिरलं. परंपरावादी सत्तेवर आले, त्यांनी नवी घटना पोपच्या पसंतीसाठी रोमला पाठवली आणि १८४४ मध्ये जेझुइटांना, म्हणजे पोपशी एकनिष्ठ असलेल्या कॅथलिक धर्मसंघाला, ल्युसर्नमध्ये बोलावलं. उदारमतवाद्यांचं माथं भडकलं. मार्च १८४५ च्या अखेरीस बर्न कँटनचा उदारमतवादी पुढारी उलरिख ऑक्सेनबाइन याच्या नेतृत्वाखाली साडेतीन हजारांच्या आसपास स्वयंसेवक शस्त्रं घेऊन ल्युसर्नवर चालून गेले. श्टायगर त्यांच्यातच होता. मोहीम दोन दिवसांत पार फसली. डॉक्टर पकडला गेला आणि ल्युसर्नच्या न्यायालयानं त्याला मृत्युदंड ठोठावला.

आपल्याच सरकारवर सशस्त्र चाल करणाऱ्याला कोणत्याही न्यायालयानं सोडलं नसतं, हे मान्य. तरी विरोधी गोटाच्या म्होरक्याचा निकाल सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतली माणसं देणार, ही व्यवस्था धोक्याचीच.

शिक्षेची अंमलबजावणी झाली नाही. १९ जूनच्या रात्री केसेलटुर्म या बुरुजातून श्टायगर पसार झाला. एकटा नव्हे! त्याच्यावर पहारा करणारे तिघे शिपाईच फितले आणि त्याच्यासोबत ज्युरिकला पळाले. तिथे त्याचं जंगी स्वागत झालं, सुटकेची चित्रं छापून विकली गेली. नोव्हेंबर १८४७ मध्ये जनरल द्यूफूरच्या संघीय सैन्यानं ल्युसर्नसकट कॅथलिक कँटनांची आघाडी मोडली, ल्युसर्न शरण आलं आणि डॉक्टरला घरची वाट मोकळी झाली. पुढच्या वर्षी ऑक्सेनबाइन केंद्रीय मंत्री झाला, तेव्हा त्याच्याकडे असलेली राष्ट्रीय सभागृहाच्या अध्यक्षाची खुर्ची रिकामी झाली. तिच्यावर बसला श्टायगर. मृत्युदंडापासून तिथवर जेमतेम साडेतीन वर्षं!

उतारवयात त्यानं ल्युसर्न कँटनच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तो १८६० चा. दोन वर्षांनी तो वारला.

तुमच्या मूळ प्रश्नातली व्यवस्था १८७४ च्या घटनेनं बदलली. १८७५ पासून संघीय न्यायालय लोझानला कायमचं बसलं, न्यायाधीश ९ झाले आणि खासदारकी व न्यायाधीशपद एकत्र ठेवणं बंद झालं. कायद्याच्या पदवीची अट मात्र घटनेत आजही नाही. निवडले जातात ते कायदेपंडितच.