केस डायरी आरोपीला मिळते का? सही न घेतलेला जबाब कोर्टात चालतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: भावावर मारामारीची केस आहे. त्या रात्री तुम्हीही तिथे होतात. पोलिसांनी तुमचा जबाब घेतला, पण सही घेतली नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं उतरलंय का ते बघायला आता केस डायरी मागायची आहे.

डायरी मिळणार नाही. पोलीस खात्यातली माझी बरीच वर्षं तपासी अंमलदाराचा (तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा) रायटर, म्हणजे लिखाणकाम करणारा, म्हणून गेली, त्यामुळे सांगतो, तिच्यामागे लागण्यात वेळ घालवू नका.

केस डायरीत खबर किती वाजता मिळाली, तपास कधी सुरू केला, कधी थांबवला, कुठं कुठं गेलो, काय निष्पन्न झालं, हे रोजच्या रोज लिहायचं असतं. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) कलम १७२, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) कलम १९२. बंदोबस्त लागला की ‘रोजच्या रोज’ कागदावरच राहतं आणि चार दिवसांची डायरी एका बैठकीत लिहून होते. २००९ च्या दुरुस्तीनं पानांना क्रमांक घातलेला बांधीव खंड सक्तीचा केला, त्यामुळे निदान मधलंच पान बदलायची सोय राहिली नाही.

कोर्ट डायरी कधीही मागवू शकतं, पण पुरावा म्हणून नाही, मदतीपुरती. रिमांडच्या (आरोपीला कोठडी मागण्याच्या) वेळी नोंदींची नक्कल मॅजिस्ट्रेटकडे जाते, जामिनाच्या वेळीही न्यायाधीश कागद चाळतात. आरोपीला एकच फट आहे. साक्ष देताना अंमलदारानं आठवण ताजी करायला डायरी उघडली, किंवा कोर्टानं त्याला खोडून काढायला ती वापरली, तर तेवढा भाग बचावाला बघता येतो. म्हणून मुरलेला अंमलदार डायरी काखेत मारून येतो आणि साक्ष संपेपर्यंत उघडत नाही.

आता सही. ती घेतली नाही हे बरोबरच झालं. तपासात पोलिसांनी लिहिलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायचीच नाही, असं कायदा म्हणतो (आधी कलम १६२, आता १८१). तो जबाब पुरावाही नाही. सरकारी साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर त्याला खोडायला तेवढा तो कामाला येतो. समजा फिर्यादीकडचा साक्षीदार सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, म्हणाला की तुमच्या भावाच्या हातात कोयता होता, आणि जबाबात नुसतं ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण केली’ असं आहे. उलटतपासात भावाचे वकील तिथंच बोट ठेवणार. मग ठरलेलं वाक्य येतं: ‘मी हे पोलिसांना सांगितले होते, जबाबात का लिहिले नाही याचे कारण सांगता येणार नाही.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. पण काम तिथं संपत नाही. पुढे तपासी अंमलदार साक्षीला आला की ‘असे साक्षीदाराने मला सांगितले नव्हते’ हे त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं. ते राहून गेलं तर आधीची सगळी मेहनत फुकट. वकिलांना याची आठवण करून द्या, रागावले तरी चालेल.

तुमच्या स्वतःच्या जबाबाची फार चिंता नको. तुम्ही भावाच्या बाजूनं, म्हणजे बचावाचे साक्षीदार म्हणून उभे राहिलात, तर तो जबाब दाखवून सरकारी वकील तुम्हाला खोडू शकत नाहीत. ती मुभा सरकार पक्षानं बोलावलेल्या साक्षीदारापुरतीच आहे.

खरा मसाला दोषारोपपत्राच्या (चार्जशीटच्या) नकलांत असतो. त्या भावाला फुकट मिळतात. नव्या कायद्यात हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत द्यायच्या आहेत. त्यातल्या वेळा एका कागदावर उतरवून काढा: घटना, एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, जप्ती, अटक. पंचनाम्याच्या डोक्यावर बघा. पंचनामा रात्री ९ ते ९.४५ आणि गुन्हा दाखल झाला ११.२० ला, तरी पंचनाम्यावर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) छापलेला असेल, तर तो नंबर पावणेदहाला आला कुठून? नंतर ठाण्यात बसून टाईप केल्याशिवाय असं होत नाही. नंबर मागाहून हातानं घातला असं उत्तर येईल, पण मग शाई आणि अक्षर बघायला मिळतं. एकच इसम दोन ठिकाणच्या पंचनाम्यांत पंच आहे का, हेही बघा. एफआयआरची प्रत मॅजिस्ट्रेटकडे ताबडतोब जायची असते. ती तिथं कधी पोचली ते कोर्टाच्या शिक्क्यावर दिसतं.

ठाणे दैनंदिनी, म्हणजे स्टेशन डायरी, ही वेगळी वही. तीत कोण कधी आलं, कोण कधी बाहेर पडलं ते असतं. तिच्यावर केस डायरीसारखं झाकण नाही. वकिलांकरवी कोर्टात अर्ज देऊन त्या रात्रीच्या नोंदी मागवा. त्याच अर्जात ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवायचा आदेशही मागा. ते १८ महिने, आणि सोय नसेल तर निदान वर्षभर ठेवावं असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय, पण साठा भरला की जुनं पुसलं जातं, तेव्हा हा अर्ज दोषारोपपत्राची वाट न बघता याच आठवड्यात द्या.