माहिती दिली, पुढे काय झालं ते कोणी सांगितलं नाही

मागच्या अंकात लिहिलं होतं की दहशतवाद रोखायचा म्हणजे सरकारने काय करायचं आणि वस्तीने काय करायचं, यावर प्रश्न पाठवा. पत्रं बरीच आली. त्यातली चार घेते. मी नागपूर शहर पोलीस दलात शिपाई म्हणून लागले आणि उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. बरीच वर्षं बीटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या वस्तीच्या गस्तीवर, आणि ठाण्याच्या गोपनीय शाखेत गेली, त्यामुळे उत्तरं त्याच अंगाने येतील.

प्रश्न : ताई, सीताबर्डीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एक माणूस एकदम पाच जुने फोन घ्यायला आला आणि दुसऱ्याच्या नावावरची सिमकार्डं मिळतील का विचारत होता. मी ठाण्यात जाऊन सांगितलं. तीन तास बसवलं, माझंच आधार, माझ्याच वडिलांचं नाव, मीच काय काय विकतो ते विचारलं. पुढे काय झालं ते आजवर कळलं नाही. पुन्हा असं दिसलं तर जाऊ का? — दुकानदार, सीताबर्डी

दादा, जा. पण तुम्हाला जी वागणूक मिळाली ती चूक होती, हे खात्यात राहिलेली बाई म्हणून मी आधी लिहिते. माहिती देणारा आणि संशयित यांना एकाच बाकावर बसवलं, की त्या गल्लीतून पुढची पाच वर्षं कोणी येत नाही.

८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात स्फोट झाले, त्यात सायकलींवर बॉम्ब ठेवले होते. त्यानंतर आम्ही सायकलवाल्यांकडे फेऱ्या सुरू केल्या. गांधीबागेत माझ्या बीटमध्ये एक म्हातारे सायकल दुकानदार होते. आठवड्यातून एकदा त्यांच्या दुकानाबाहेरच्या लाकडी पेटीवर मी दहा मिनिटं बसायची. चहा, नातवाची शाळा, नळाला पाणी आलं की नाही, एवढंच बोलणं. सहा-सात महिन्यांनी एका संध्याकाळी ते स्वतः ठाण्यात आले. म्हणाले, "मॅडम, एक जण चार सायकली घेऊन गेला. भाव नाही केला, बिल नाही मागितलं. मले वाटलं सांगून द्यावं." चौकशी केली तर तो एका बांधकामाचा ठेकेदार निघाला, चौकीदारांसाठी सायकली घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि त्यांना हे सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. आपण उगाच एखाद्याच्या मागे पोलीस लावले असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, काका, तुम्ही माणसाचं नाव-जात नाही सांगितली, तो कसा वागला ते सांगितलं, म्हणून एका तासात त्याचा संशय फिटला. पुढच्या वर्षी सायकलचोरांची एक टोळी त्यांच्याच सांगण्यावरून सापडली. मी परत गेले नसते तर ते दुसऱ्यांदा आले नसते, याबद्दल मला शंका नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी मुंबईत समुद्रातून उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकलं ते कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी. ही अनोळखी पोरं, हे जड सामान, हे आपल्याकडचं नाही, एवढं त्या माणसांना कळलं होतं. त्यांचं कळणं यंत्रणेपर्यंत वेळेत पोचेल आणि तिथे कोणी ते गंभीरपणे घेईल, अशी वाट तयार नव्हती. १६६ जीव गेले. पुढे किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, सागर सुरक्षा दलात गावकऱ्यांना घेतलं. राज्याने फोर्स वन हे कमांडो पथक उभारलं, केंद्राने एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा आणली. बंदूकवाले लागतातच, तुकाराम ओंबळेंनी रिकाम्या हातांनी कसाबला धरलं, ते कोणाकडून मागायची आपली लायकी नाही. पण मी बीटवाली आहे, मला ती मच्छीमार वस्ती जास्त आठवते.

भिवंडीचंही सांगते. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते गाव होरपळलेलं. तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढारी कमी, यंत्रमागवाले, दुकानदार, दोन्ही धर्मांतले साधे लोक जास्त, आणि प्रत्येक समितीशी एक ओळखीचा पोलीस जोडलेला. १९९२-९३ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ते दंगलीचं काम होतं, दहशतवादाचं नाही, पण रस्ता तोच लागतो. आपल्याकडे शांतता समितीची बैठक सण आला की होते, हार-तुरे होतात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी त्या समितीतल्या किती जणांना बीटच्या शिपायाचं नाव ठाऊक असतं?

तेव्हा दादा, पुढच्या वेळी वेळ, गाडीचा नंबर, माणूस काय बोलला ते कागदावर लिहून न्या. स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगा आणि आपलं नाव बाहेर जाऊ नये असं स्पष्ट म्हणा. ठाण्यात ऐकलं नाही तर सहायक पोलीस आयुक्तांचं कार्यालय आहे. लगेच धोका वाटला तर ११२. आठ दिवसांनी जाऊन विचारा, "माझ्या माहितीचं काय झालं?" तपास उघड करता येत नसेल, पण "बघितलं, काही निघालं नाही" एवढं सांगायला कोणताही कायदा आड येत नाही.

प्रश्न : मानेवाड्यात माझ्या चार खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने असतात. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यायचा कंटाळा येतो. आमच्या सोसायटीने तर ठरवलंय की विशिष्ट आडनावाच्या लोकांना घर द्यायचंच नाही, म्हणजे कटकट नको. हे बरोबर आहे का? — निवृत्त शिक्षक

सर, कंटाळा चालणार नाही. पोलीस आयुक्तांचा आदेश लागू असताना माहिती दिली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होतो. फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, ओळखणाऱ्या दोन माणसांचे फोन, इतकंच काम आहे, आता ऑनलाइनही होतं. त्या दोन माणसांना स्वतः फोन लावून बघा. फॉर्म भरणारे शंभर असतात, फोन लावणारा एखादाच. परदेशी विद्यार्थी ठेवलात तर त्याची माहिती चोवीस तासांत कळवावी लागते, हेही लक्षात असू द्या.

सोसायटीच्या ठरावाबद्दल मला वाईट वाटलं, कारण तुम्ही शिक्षक आहात. १ जून २००६ ची पहाट आठवा. महाल भागात संघाच्या मुख्यालयावर हल्ला करायला आलेले तिघे पांढऱ्या अँबेसिडरमधून, गाडीवर दिवा लावून, पोलिसांसारखा वेश करून आले होते. आमच्याच लोकांनी त्यांना ओळखलं, अडवलं आणि ते तिघे ठार झाले. त्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला नाकाबंदीवर होते. आम्हाला गणवेशातल्या माणसाचंही ओळखपत्र मागायचे आदेश आले आणि एका वरिष्ठाचं ओळखपत्र मागताना माझी जीभ अडखळली होती. ज्याला फसवायचं आहे तो तुम्हाला आवडेल ते आडनाव सांगेल. तुमची सोसायटी कागद न बघता आडनाव बघून घर देणार असेल, तर तिने त्याचं काम सोपं केलंय. आणि ज्या प्रामाणिक पोराला दारातून परत पाठवलं, तो उद्या शेजारच्या खोलीत काही विचित्र पाहील तेव्हा ते कोणाला सांगेल?

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाला सुरक्षेसाठी काय तयारी करता येईल? — मंडळाचा कार्यकर्ता, इतवारी

भाऊ, अग्निशमनाची गाडी मंडपापर्यंत येते का, ते स्थापनेच्या आधी मोजून बघा. बाहेर पडायच्या दोन वाटा मोकळ्या ठेवा; घबराटीत चेंगरून माणसं जातात. ध्वनिक्षेपकावर काय बोलायचं ते आधीच लिहून एका शांत माणसाकडे द्या.

बेवारस बॅग दिसली तर हात लावू नका, उचलू नका, पाणी ओतू नका. लोकांना लांब न्या, मग लांबून ११२ ला फोन. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीत ठेवलेल्या बॅगेने १७ जीव घेतले. आपल्याकडे बॅग सापडली की पाहायला गर्दी जमते, ती हटवणं हेच तुमच्या पोरांचं मोठं काम. गर्दी सांभाळायची कशी ते पाहायचं असेल तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर समता सैनिक दलाचे स्वयंसेवक बघा.

नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ मध्ये नागपुरातच सुरू झालं, अग्निशमनाचं राष्ट्रीय महाविद्यालयही इथेच, आणि तरी आपल्या मंडळांत रक्तस्राव थांबवता येणारी दोन माणसं नसतात. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झाली तेव्हा लोक गच्चीवरून व्हिडिओ काढत होते. तुमच्या मंडळातून पाच मुलं आणि पाच मुली नागरी संरक्षणात स्वयंसेवक म्हणून पाठवा.

प्रश्न : ताई, नाव लिहीत नाही. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. रात्र-रात्र फोनवर मारकाटीचे व्हिडिओ बघतो, कुठल्याशा ग्रुपवर आहे, "त्या लोकांना संपवलं पाहिजे" म्हणतो. जुने मित्र सुटले. वडील फोन फोडायला निघाले होते. वर्ध्याचा मामा सोडला तर कोणाशी धड बोलत नाही. पोलिसांना सांगितलं तर त्याचं आयुष्य बरबाद होईल का?

ताई, "ते लोक" म्हणजे कोण हे तुम्ही लिहिलं नाही आणि मला त्याची गरज नाही. प्रत्येक धर्माच्या आणि विचाराच्या पोरांसाठी असे ग्रुप आहेत. गडचिरोलीतल्या जंगलात गेलेल्या पोरांच्या आयांनाही मी भेटले आहे, त्यांचं बोलणं तुमच्या पत्रासारखंच होतं. २००५ पासून नक्षलवाद्यांसाठी शासनाची आत्मसमर्पण योजना आहे, पण पोरगं परत येतं तेव्हा पुष्कळदा ते योजनेमुळे नाही, घरून गेलेल्या निरोपामुळे.

तुमची भीती खोटी नाही. २००६ च्या मालेगाव प्रकरणात आधी पकडलेल्या तरुणांची वर्षं तुरुंगात गेली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. अशा प्रत्येक प्रकरणानंतर शेकडो आया गप्प बसतात. म्हणून पोलिसांकडे गेलात की सगळं गोडच होईल असं मी लिहिणार नाही.

पण एक रेघ आहे. व्हिडिओ बघणं, रागाने बोलणं, हे घरातलं आणि समुपदेशनातलं काम. पैसे लपवणं, कुठे निघायची तयारी, हत्याराची चौकशी, एखाद्या जागेचं किंवा माणसाचं नाव घेणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पोलीस. वकील किंवा ओळखीचा वडीलधारा सोबत न्या. पूजा, नमाज, दाढी, टिळा वाढला म्हणून घाबरू नका, ते लक्षण नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये आपल्याच विमानतळावर हैदराबादच्या तिघा तरुणांना पकडलं. ते श्रीनगरमार्गे आयसिसकडे निघाले होते. त्यांच्यापैकी काहींना आदल्या वर्षीही अडवून, समजावून घरी पाठवलं होतं. समजावणं एकदाच करून भागत नाही, ते महिनोन्‌महिने चालू ठेवावं लागतं, हे मी त्यातून घेतलं. महाराष्ट्रात दहशतवादविरोधी पथकाने घरच्यांना आणि मौलवींना सोबत घेऊन कित्येक पोरांना अटकेशिवाय परत फिरवलं, हेही खरं आहे.

फोन फोडू देऊ नका. फोन फुटला तर तुम्हाला दिसणारं सगळं बंद होईल आणि तो ग्रुप दुसऱ्या फोनवर चालू राहील. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, आधी तुम्ही स्वतः त्यावर बोला. आणि मामांना या रविवारी बोलवा. पोराला न कळवता नको, "मामा येतायत, तुझ्याशी बोलायचंय त्यांना" असं सांगून.