सोशल मीडियामुळे आपलं बातम्यांकडचं लक्ष कमी झालंय का?

कमी झालंय असं मला वाटत नाही. लक्ष भरपूर आहे, फक्त ते कुठे जावं हे ठरवणारा बदलला. पेपरात पहिल्या पानावर काय घ्यायचं हे संपादक ठरवायचा. चुकला तर निदान त्याला पत्र तरी लिहिता यायचं.

आता कोणती पोस्ट आधी दाखवायची हे फेसबुकसारख्या कंपनीचं गणित ठरवतं. या गणितात फेसबुकने २०१७ मध्ये इमोजीच्या प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं, त्यात रागाची इमोजीही आली. म्हणजे ज्या पोस्टवर लोक चिडतात ती वर. २०२० मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं, पण हा हिशोब जगाला कळला तो २०२१ मध्ये, कंपनीचे आतले कागद फुटल्यावर. तोवर ‘हे ऐकून तुमचाही संताप होईल’ छापाची शीर्षकं आपल्या पोर्टलांच्याही अंगवळणी पडली होती.

व्हॉट्सअ‍ॅपचं गणित वेगळं. तिथे बातमी कुणी दिली यापेक्षा पाठवली कुणी हे बघितलं जातं. मामांनी फॉरवर्ड केलंय ना, मग खरंच असणार! १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं. मूळ कारण, मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. उपयोग होतो, पण स्क्रीनशॉट काढून नव्याने पाठवणाऱ्याला ती अडवत नाही.